मांजराचं लिटर टाकायचं कुठं? संडासात नको, कुंडीत नको आणि समोरच्या प्लॉटवर तर अजिबात नको

प्रश्न: ताई नमस्कार, आम्ही सांगलीत विश्रामबागला तिसऱ्या मजल्यावर राहतो. घरात एक बोका आणि एक भाटी, दोघंही फ्लॅटच्या बाहेर जात नाहीत. आधी वाळू वापरायचो, आता मुलीने ऑनलाईन ते गोळे होणारं लिटर, म्हणजे मांजराच्या ट्रेत घालायची शू शोषणारी माती, मागवलंय. मी सुरुवातीला गोळे संडासात टाकून फ्लश करायचे, गेल्या महिन्यात लाईन तुंबली आणि खालच्यांच्या बाथरूममध्ये पाणी उलटं आलं, सोसायटीत नुसता दंगा. प्लंबर म्हणतो ॲसिड ओता. आता आमचे हे रात्री पिशवी घेऊन समोरच्या मोकळ्या प्लॉटवर टाकून येतात, ती कुत्री फाडतात. घंटागाडीवाला एकदा घेतो, एकदा परत देतो. गच्चीवरच्या कुंड्यांना खत म्हणून घातलं तर चालेल का? त्यात मुलगी सातव्या महिन्यात बाळंतपणाला माहेरी आलीय आणि सासूबाई म्हणतात मांजराच्या घाणीने पोटातल्या बाळाला धोका असतो, दोन्ही मांजरं मार्केट यार्डात नेऊन सोडा. अर्धी गोणी लिटर अजून शिल्लक आहे. काय करू?

उत्तर: ताई, आधी मांजरं सोडायचा विषय बंद करा, मग कचऱ्याचं बोलू. घरात वाढलेलं मांजर मार्केट यार्डात सोडलं तर तिथल्या ट्रका आणि कुत्री यातून ते आठवडाभर तरी निघेल का हीच शंका आहे, आणि ज्या कारणासाठी सोडायचं म्हणताय ते कारण रोज पाच मिनिटं काम केलं तर उरत नाही.

पण सासूबाईंना उडवून लावू नका हां, त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा एक परजीवी असतो, डोळ्याला न दिसणारा, त्याची अंड्यासारखी बारीक कवचं मांजराच्या शीतून बाहेर पडतात आणि गरोदर बाईला त्याची आयुष्यात पहिल्यांदाच लागण त्याच काळात झाली तर बाळाच्या डोळ्यांना, मेंदूला इजा होऊ शकते. इथपर्यंत सासूबाई बरोबर. आता पुढचं ऐका, कारण अर्धी माहिती ऐकूनच लोक मांजरं पोत्यात भरून सोडून येतात. मांजर ही कवचं जन्मभर टाकत बसत नाही, त्याला पहिल्यांदा लागण झाली की साधारण एक ते तीन आठवडे टाकतं, नंतर सहसा नाही. आणि मांजराला लागण होते ती उंदीर, पाखरं मारून खाल्ल्याने नाहीतर कच्च्या मटणाने. तुमची दोघं बाहेर जात नाहीत म्हणजे शक्यता मुळातच कमी. फक्त चिकनच्या दुकानातून कच्चे तुकडे आणून घालायची सवय असेल तर आजपासून बंद, उकडून घाला, त्यांना चालतं, दोन दिवस तोंड वाकडं करतील एवढंच.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. ताज्या शीतून लागण होत नाही! बाहेर पडल्यावर ती कवचं पिकायला कमीत कमी एक दिवस लागतो, कधी पाच दिवसही. म्हणजे ट्रे रोजच्या रोज साफ झाला तर धोका पिकायच्या आधीच घराबाहेर जातो, आणि चार दिवस साठवून रविवारी साफ करू म्हटलं की तोच धोका आपण घरात पिकवतो. म्हणून काम रोज, आणि लेकीने ट्रेला हात लावायचा नाही, बाळंत होईपर्यंत ते तिचं काम नाही. कुणाचं? तर जे रात्री प्लॉटवर पिशवी टाकून येतात त्यांचं, त्यांना सवय आहेच. हातमोजे घालून करायचं, नंतर साबणाने हात धुवायचे, झालं.

लेकीने मांजराला कुरवाळलं, मांडीवर घेतलं तर काही होत नाही, फक्त जेवायच्या आधी हात धुवायचे. मांजराला हात लावण्यापेक्षा अर्धवट शिजलेलं मटण, कुंडीतली माती आणि नीट न धुतलेली पालेभाजी यातून ही लागण होण्याची शक्यता जास्त असते. आपल्याकडं झुणका-भाकरीबरोबर कच्ची मेथी आणि कांद्याची पात खायची सवय आहे ना, ती भरपूर पाण्यात तीन-चार वेळा धुतल्याशिवाय तिच्या ताटात जाऊ देऊ नका, सातव्या महिन्यात कच्ची नाही खाल्ली तर आणखी बरं. मटण मात्र आपण शिट्ट्यांवर शिट्ट्या देऊनच खातो, ते एक बरंय. तिच्या डॉक्टरांना घरात मांजरं आहेत हे सांगा, त्यांना गरज वाटली तर रक्ततपासणी लिहून देतील. एवढं सासूबाईंना समोर बसवून सांगा, नाहीतर डॉक्टरांच्याच तोंडून ऐकवा, घरातल्या सुनेपेक्षा पांढऱ्या कोटाचं लवकर पटतं हा सगळ्या घरांतला नियम आहे.

आता संडासाची भानगड. गोळे होणारं लिटर म्हणजे बेंटोनाईट नावाची माती, आपल्याकडं जास्त करून कच्छमधून येते. तिच्यात मॉन्टमोरिलोनाईट नावाचं खनिज असतं, पाणी पिऊन कित्येक पट फुगणारं आणि चिकट होणारं, आणि कृष्णाकाठच्या आपल्या काळ्या मातीतही तेच खनिज भरपूर असतं. जूनमध्ये पहिला पाऊस झाल्यावर चप्पल घालून काळ्या रानात चार पावलं चालून बघा, चपलेला किलो-किलोचे गोळे लागतात आणि झटकले तरी निघत नाहीत, तेच तुमच्या लाईनमध्ये झालंय. वरून फ्लशचं पाणी जोरात येतं तोवर गोळा सरकतो, खाली जिथं पाईप आडवा होतो तिथं बसतो, फुगतो, त्याला केस, टिश्यू काय येईल ते चिकटतं आणि एक दिवस खालच्या मजल्यावरच्यांचं बाथरूम भरतं.

ॲसिडचं प्लंबर काय म्हणतो ते सोडा. माती घरगुती ॲसिडमध्ये विरघळत नाही, ती तिथंच राहणार आणि वर ॲसिड साचून राहणार, मग पुढच्या वेळी चेंबर उघडणाऱ्या माणसाच्या हाता-डोळ्यावर तेच उडणार. आणि कुणी आधी ब्लीच ओतलेलं असेल आणि त्यावर ॲसिड पडलं तर क्लोरिनचा विषारी वायू सुटतो, बंद बाथरूममध्ये हे जिवावर बेतू शकतं. चेंबर उघडून रॉडने नाहीतर प्रेशरच्या पाण्याने काढणं हाच इलाज. आणि प्लंबरला खरं सांगा की लिटर टाकलं होतं, काय अडकलंय ते माहीत असलं की तो उगाच फरशा फोडत बसत नाही. खर्च तुम्ही द्या आणि खालच्यांकडं डबाभर काहीतरी गोड घेऊन जा, सोसायटीत राहायचं असेल तर एवढं करावंच लागतं.

सेप्टिक टँकवाल्यांनी, म्हणजे कुपवाडकडं नाहीतर बाहेरच्या नव्या वसाहतीत राहणाऱ्यांनी, यात खूश व्हायचं कारण नाही, तुमच्याकडं तर ही माती टाकीच्या तळाला बसते, ती कुजत नाही, सडत नाही, नुसती जागा खाते आणि टाकी उपसायची वेळ लवकर येते.

टोफूच्या, म्हणजे सोयाबीनच्या चोथ्यापासून केलेल्या, लिटरवर फ्लश करता येतं असं छापलेलं असतं, ते पाईपपुरतं खरं धरलं तरी टॉक्सोप्लाझ्माची कवचं सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटमध्ये खात्रीने मरत नाहीत, क्लोरिनलाही दाद देत नाहीत. आणि सांगलीचं सांडपाणी शेवटी कुठं जातं हे कृष्णेत सांडपाणी नेणाऱ्या शेरीनाल्याच्या गावात मी वेगळं सांगायला नको. खालच्या अंगाला नदीचं पाणी पिणारी गावं आहेत. म्हणून मांजराची शी, लिटर कुठलंही असो, पाण्यात नाही.

कुंड्यांचं विचारलंय. नाही. अगदी गायीच्या शेणाचं खत चालतं मग हे का नाही असं तुमच्या मनात येणार हे मला माहितीय. गाय चारा खाते, मांजर मांस खातं, त्यामुळं त्याच्या शीतले परजीवी आणि जंतू माणसाच्या दृष्टीने वेगळ्या जातीचे. ते मारायचे तर खताचा ढीग आतून साठ अंशाच्या वर बराच वेळ तापायला लागतो आणि गच्चीवरच्या कुंडीत किंवा सोसायटीच्या खताच्या ड्रममध्ये तेवढी उष्णता होत नाही. मातीत ही कवचं महिनोनमहिने, ओलावा असला तर वर्षभराच्याही वर जिवंत राहतात. त्याच कुंडीतली कोथिंबीर लेकीच्या आमटीवर भुरभुरायची आणि मग मांजराला दोष द्यायचा, असं होईल. बेंटोनाईट तर खत होतच नाही, काळ्या मातीत आणखी चिकण माती घालून झाडाची मुळं गुदमरतील. बंगल्यावाले खड्डा करून पुरतात, पण आपल्याकडच्या जमिनीत पावसाळ्यात खड्डा म्हणजे डबकं, पाणी मुरतच नाही, वर शेजारी बोअर असतो. नदीकडच्या गावभागात राहणाऱ्यांनी तर 2005, 2019, 2021 हे पूर आठवावेत, जमिनीत पुरलेलं काय काय वर आलं होतं ते.

जाळायचंही नाही. माती जळत नाही, नुसता धूर आणि वास होतो, आणि उघड्यावर कचरा जाळला तर राष्ट्रीय हरित लवादाच्या 2016 च्या आदेशानुसार साध्या जाळण्याला पाच हजारांचा दंड आहे.

मग राहिली घंटागाडी, आणि तीच बरोबर जागा आहे. ओल्यात नाही, सुक्यात. शी म्हणजे ओला कचरा असं वाटतं पण ओल्याचं पुढं खत करतात, ते रानात जातं, म्हणजे कुंडीवाल्या मुद्द्यावर आपण परत आलो. 2016 च्या घनकचऱ्याच्या नियमांत डायपर आणि सॅनिटरी पॅड नीट गुंडाळून सुक्या बाजूला द्यायचं लिहिलं होतं, मांजराच्या लिटरचं नाव त्यात नाही पण समजून घ्यायचं ते तसंच. तुमच्या गाडीला सॅनिटरी कचऱ्याचा वेगळा डबा असेल तर त्यात, नसेल तर सुक्यात, वेगळं पुडकं करून.

गाडीवाला एकदा घेतो एकदा परत देतो म्हणालात, तर त्याच्या बाजूने बघा जरा. तो माणूस हाताने कचरा वेगळा करतो. तुमची पिशवी उचलली की जड, तळ फाटलेला, वास मारतोय आणि आत काय आहे ते कळत नाही. मी असते तरी परत दिली असती. आठवड्याचा पाच किलोचा गठ्ठा एकदम द्यायचाच नाही, रोजचे गोळे रोज द्या, दोन मांजरांचे मिळून फार होत नाहीत. वर्तमानपत्राचे दोन-तीन कागद एकावर एक, मधे गोळे, पानाच्या पुडीसारखं घट्ट बांधायचं आणि मग ते एखाद्या रिकाम्या पाकिटात घालून तोंड बंद. पाकीट कुठलं, तर चिवड्या-वेफर्सचं चमकणारं, बिस्किटाचं, पिठाच्या पिशवीचं, जे भंगारवाला पण घेत नाही ते. दुधाच्या पिशव्या मात्र धुऊन भंगारात द्या, त्यांना किंमत येते. नवीन प्लास्टिक विकत आणायची तर गरजच नाही, राज्यात प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर 2018 पासून बंदी आहे आणि त्या तशाही फाटतात. पुडक्यावर मार्करने मोठा लाल ठिपका काढा. पुण्यात कचरावेचकांच्या संस्थेने सॅनिटरी पॅडसाठी ही लाल ठिपक्याची पद्धत आणली, उघडून न बघता आत काय आहे ते कळावं म्हणून, आपण इथं वापरायला काय हरकत आहे. आणि पहिल्या दिवशी गाडीवाल्याला स्वतः खाली जाऊन सांगा, दादा, लाल ठिपका असला की मांजराची घाण आहे, उघडू नका. एकदा सांगितलं की बहुतेक वेळा प्रश्न मिटतो. दिवाळीला फराळ देताना त्याला विसरू नका.

गाडी ज्या दिवशी येत नाही त्या दिवसासाठी रंगाचा रिकामा डबा ठेवा, घट्ट झाकणाचा वीस लिटरचा, रंगकामवाल्याकडं सहज मिळतो. बाल्कनीत सावलीला ठेवायचा, पुडकी त्यात, झाकण दाबून. जिन्यात, लिफ्टपाशी, दारासमोर पुडकं ठेवायचं नाही, अर्धी भांडणं कचऱ्याची नसतात तर जिन्यात ठेवलेल्या पिशवीची असतात. प्लॉटवरचं आजपासून बंद, तिथं पोरं क्रिकेट खेळतात, आणि रात्री अंधारात टाकायला लागतंय म्हणजे ते चुकीचं आहे हे साहेबांनाही माहितीय.

वासाचं तुम्ही विचारलं नाही पण शेजाऱ्यांनी नक्की काढला असेल, म्हणून सांगते. वास शीपेक्षा शूचा जास्त, त्यातल्या युरियाचा जंतू अमोनिया करतात आणि तो डोळ्याला झोंबतो. दिवसातून दोनदा गोळे काढले तर तो होतच नाही. लिटर दोन-अडीच इंच तरी खोल हवं, पातळ थर दिला की शू तळाला जाऊन चिकटते आणि मग खरवडत बसावं लागतं. दोन मांजरांना खरं तर तीन ट्रे सांगतात, फ्लॅटमध्ये जागा नसेल तर निदान दोन. दोन-चार आठवड्यांनी सगळं लिटर बदलायचं, ते जुनं एका दिवशी न देता चार-पाच पुडक्यांत विभागून द्या. रिकाम्या ट्रेमध्ये उकळतं पाणी ओतून पाच मिनिटं ठेवायचं, मग साबणाने घासून कडक उन्हात वाळवायचा, सांगलीच्या एप्रिलमधलं ऊन फुकट आहे, वापरा.

आणि हे लाल शाईने लिहून फ्रीजवर लावा: फिनेल नाही. मांजराच्या लिव्हरला फिनॉलसारखी रसायनं पचवता येत नाहीत, ते पायाला लागतं, मांजर पाय चाटतं आणि विष पोटात जातं. काळं फिनेल, पाईनच्या वासाचं पांढरं, डेटॉल, डांबर गोळ्या, कापूर, यातलं काहीही ट्रेच्या आसपास नको. ट्रेमध्ये ब्लीचही नको, शूच्या अमोनियाशी मिळून त्याचा घातक वायू होतो. वास मारायचाच असेल तर लिटरच्या खाली चमचाभर खायचा सोडा पसरा, पुरे.

रोज गोळे काढायचा एक फायदा लोक विसरतात. किती गोळे निघाले हे हाताला कळायला लागतं. नेहमीपेक्षा मोठे आणि जास्त व्हायला लागले तर किडनी किंवा शुगरची शंका घ्यायची. आणि बोका सारखा ट्रेत जाऊन बसतोय, ओरडतोय आणि गोळा एकही नाही, तर सकाळची वाट बघू नका, बोक्याची शूची नळी बंद होते आणि एक-दोन दिवसात जीव जाऊ शकतो, त्याच वेळी डॉक्टर गाठा.

पुढच्या वेळी दुसरं लिटर घ्यायचं का? मला लाकडाच्या पेलेटचं, म्हणजे भुसा दाबून केलेल्या बारीक कांड्यांचं, पसंत आहे, हलकं असतं, पुडकं जड होत नाही. तिसऱ्या मजल्यावरून रोज खाली नेणाऱ्याला हा फरक कळतो. सॉ मिलमधला भुसा स्वस्त पडतो, पण चाळून बारीक धूळ काढायची, उन्हात वाळवायचा आणि प्लायवूडचा नाही ना हे विचारून घ्यायचं कारण त्यात गोंदाची रसायनं असतात. रसवंतीवरची चिपाडं वाळवून बारीक करून वापरायची आयडिया अधूनमधून कुणीतरी काढतंच, साखर राहते त्यात, मुंग्यांची जत्रा भरेल, नको. नदीची वाळू पण नको, जड होते, ओली राहते आणि शू शोषत नाही. यातलं कुठलंही घेतलं तरी ते शी-शू सकट कुंडीत घालायची परवानगी मिळत नाही, पुडकं आणि लाल ठिपका कायमच.

शिल्लक अर्धी गोणी टाकून देऊ नका, ती चांगली आहे, संपवा. फक्त घरात तीन-चार महिन्यांच्या आतलं पिल्लू आणणार असाल तर त्याच्या ट्रेत हे घालू नका, पिल्लं काहीही तोंडात घालतात आणि ते पोटात फुगतं. गोणी कोरड्या जागी, तोंड बांधून ठेवा, पावसाळी हवेत उघडी राहिली तर ओल धरेल. ती संपत आली की राहिलेल्यात नवीन पेलेट थोडे-थोडे मिसळायला सुरुवात करा, आठ-दहा दिवसांत पूर्ण बदल होतो. एकदम बदललं तर भाटी बहुतेक ट्रे सोडून साहेबांच्या चपलेत जाऊन बसेल.